कोरडा क्लच

बोलोन्याहून बेल्ट यायला सात आठवडे.
तोवर गाडी चादरीखाली,
साखर पेठेत, मागाच्या खोलीत,
जिथं माग आता नाही.
चादर सोलापुरीच. लाल.

रविवारी आडम, चन्नवीर, होटगी रोडचा मुदस्सर येतात.
जिल्ह्यात अशा चारच गाड्या
आणि खास पाना एकच,
चौघांत फिरतो उसन्या विरजणासारखा.

व्हॉल्व्हची फट मोजताना
कुणी बोलत नाही.
पंखाही बंद. बेचाळीस डिग्री.

बेल्ट बसला. स्टार्टर दाबला.
कोरडा क्लच खडखडला.
शेजारी म्हणाले, काहीतरी तुटलं.

नरसय्यामामा दारात थांबले,
चाळीस वर्षं जॉबर,
डावा कान जरासा पुढं.

"तुटलं नाही. धोटा नीट पळतोय.
पण उजव्या अंगाला
एक धागा सैल आहे."

मुदस्सरनं पाना लावला.
अर्धा आटा.