दोन गठ्ठे

हवा सकाळीच बघायची, चाक गार असताना,
मैनूभाई नदाफ दर खेपेला सांगतो,
जणू अठरा वर्षं मी टेम्पो नाही, पाळणा हाकलाय.
मग खिशातला रुपया काढून
टायरच्या नक्षीत उभा घालतो.
"बुडला का? एवढाच?
नक्षी म्हंजे शोभा नव्हं, अण्णा,
पाण्याची वाट हाय ती.
वाट बुजली की पाणी चाकाखालीच बसतंय."
मागचे दोन्ही बदलले. उधारीवर.
जुने त्यानं दुकानापुढं अर्धे मातीत रोवले,
गिऱ्हाइकाला बसायला.

अक्कलकोट रोडला मेरगू शेठचा कारखाना.
तिथं माग बंद पडले तरच कान दुखतात.
चादरींचे गठ्ठे, टॉवेलची खोकी.
रेवणसिद्ध म्हणाला, जड वर टाकू, उतरायला सोपं.
मी म्हणालो, उतरायला का उलटायला?
जड तळाला, केबिनच्या पाठीला चिकटून,
डावं-उजवं सारखं,
आणि दोर असा, की खाली बोट घातलं तर
बोटानं माफी मागावी.

दोन गठ्ठे उरले.
"बसतील की वो."
"बसतील बे. थांबतील का?"
शेठनं माझ्याकडं बघितलं,
मग वहीत बघितलं,
आणि पेनाचं टोपण काढलं.

गड्डा उठून आठवडा झालेला. पहाटे साडेचार.
विजापूर रोड. वडकबाळचा पूल मागं पडला,
तेरा मैल अजून यायचं.
उसाच्या ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती
चाकाचाकानं आणून डांबरावर थापलेली,
तिच्यावर दहिवर.
पाऊस नाही. आभाळ चांदण्यांनी भरलेलं.
आणि रस्ता, ओल्या साबणाची वडी.

मागलं अंग डावीकडं निघालं,
सावकाश,
पंगतीतून एखादा न सांगता उठावा तसं.
पाय ब्रेककडं गेला. गेलाच होता.
वरच धरला.
रेस सोडली, गिअर होता तिथंच,
स्टिअरिंग, जिकडं ढुंगण चाललंय तिकडंच,
चिमूटभर.
बाकी काही केलं नाही.
एवढं काही न करायला
अठरा वर्षं लागली.

माती संपली. चाकांनी डांबर धरलं.
मागं दोर एकदा करकरला, गप झाला.
पुढं दिव्याविना उसाची ट्रॉली,
साठ-सत्तर हातांवर, झोपेत चालल्यागत.
तिला काही कळलं नाही.

माल उतरवून दुपारी परत.
शेठनं दोन गठ्ठ्यांचं भाडं कापून पैसे दिले.
सांगायचं काय? काय झालं तर काहीच नाही.
न झालेल्याची पावती कुठं फाडतात?

उधारी द्यायला मैनूभाईकडं गेलो.
तो पाना शोधत होता.
रोवलेल्या टायरवर बसलो,
उठताना तळहात टेकला,
तर सरकला.