कोड नऊ

टेंभीपाडा, इमारत चार, बी विंग.
दर अकरावं दार वाजवायचं, असा नियम.
लिफ्ट बंद. अकरावं दार सातव्या मजल्यावर.
सातशे तीन, निर्मला घोणे, वय एक्कावन्न.
तिनं आधी पाणी दिलं,
मग विचारलं, कुठल्या पक्षाची गं तू?
मी म्हटलं, कंपनीची.
खरंच होतं ते. म्हणजे, अर्धं.

आज मतदान झालं तर?
तिनं पदराला हात पुसले.
"सांगता येत नाही."
कोड नऊ.
नाराजी, एक ते पाच?
"पाचाच्या पुढं नाही का?"
नाही.

मग आपणहूनच बोलली.
नवऱ्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून
चौघांनी उतरवलं, सातही मजले.
तिसऱ्यावर तो म्हणाला, थांबा रे, दम घ्या जरा.
उचलणाऱ्यांना म्हणाला.

'इतर'च्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: लिफ्ट बंद. आजारी नवरा. खुर्ची.

सतराव्या दिवशी नाक्यावर फलक लागला.
जोडलेले हात, पांढरेशुभ्र दात, खाली ठळक:
"आम्हाला खुर्ची नको, तुम्हाला लिफ्ट हवी!"
रिक्षावाले हसत होते.
त्यांना खुर्ची वेगळीच दिसली.
निर्मलाबाई भाजीची पिशवी घेऊन
फलकाखाली उभी होती, वाचत,
ओठ हलवत, दोनदा.
मी रस्ता ओलांडला नाही.

एका फॉर्मचे पंचेचाळीस रुपये.
तिच्या फॉर्मचेही मिळाले.

काल माझ्याच दारावर एक पोरगा,
गळ्यात ओळखपत्र, घामाघूम.
आज मतदान झालं तर, ताई?
मी त्याला आधी पाणी दिलं.