अकरा नंबरची पाणीपाळी

झाकण काढलं तर आत पोयटा.
वाळलेला, नखाएवढ्या खपल्यांचा.
पुराच्या साली पंचगंगा इथवर आली होती,
बाळगोंडा भिंतीवरची रेघ दाखवतात.
आणि सर्व्हर?
"त्यो टेबलावर हुता. पाय भिजलं नुसतं."
मशीनला पाय असल्यासारखं बोलतात,
मी दुरुस्त करत नाही.

कसबा बावडा, पाणीपुरवठा संस्थेचं हापिस,
खाली खताचं दुकान, जिन्यात युरियाचा वास.
तीन रात्री मशीन निळं पडतंय.
तीन रात्री यादी नाही.
यादी नाही म्हणून बांधावर
कुणाचा वॉल्व्ह कुणी उघडायचा यावर
फोन, शिव्या, परत फोन.

नवं कार्ड काढलं. मशीन सुरळीत.
जुनं काढून नवं घातलं. तरी सुरळीत.
दोन्ही घातली की निळा पडदा,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत एका फाइलीचं नाव,
जिचा काही दोष नसतो.
(ज्याचं नाव वर येतं
तो बहुतेक वेळा नुसता तिथं उभा असतो,
हे कळायला मला नऊ वर्षं लागली.)

"ह्यातलं खोटं कोण?"
दोघंही खरे, काका.
जुनं नदीवरच्या पंपाचं मीटर वाचतं,
नवं बँकेनं दिलंय, नेटवर्कचं.
दोघांच्या ड्रायव्हरला कुणीतरी सांगून ठेवलंय,
अकरा नंबर तुझाच.
नवं म्हणतं, वाटून घेऊ.
जुनं बनलं तेव्हा
वाटून घ्यायची सोयच नव्हती.

बाळगोंडा हसत नाहीत.
"म्हंजे एक दंड, एक रात, आन् दोन गट."
मग खालच्या आवाजात,
"ह्याच्यावरनं एकदा विळा निघालता."
कुणाचा, ते सांगत नाहीत.

झाकणाच्या आत पेन्सिलीनं कुणाचं तरी अक्षर:
जंपर हलवू नये. भोपळे, उद्यमनगर.
भोपळेंच्या दुकानात आता पडदे शिवतात.
मी मनातल्या मनात त्यांची माफी मागते
आणि जंपर हलवते,
भुवयांच्या चिमट्यानं.
सुटला. फरशीवर टिक्.
तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा,
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर
मोबाइलच्या उजेडात,
पावत्यांच्या गठ्ठ्यांखाली, कपाटामागं,
एक मेलेली पाल, एक चार आण्याचं नाणं,
शेवटी सापडला
त्यांच्याच चपलेच्या वेणीत.

अकरा नव्याला. जुन्याला पाच.
पाच कुणाचा होता?
साउंड कार्डाचा. ते बंद केलं.

साडेअकराला मशीन उठलं.
प्रिंटर करकरत यादी सोडू लागला,
गट नंबर, नाव, तास.
कागद फाटायच्या आधीच
बाळगोंडांनी फोन लावला,
"बायाक्का, जागी हैस न्हवं?
साडेबारा ते चार तुझं.
बॅटरी घिऊन जा, आन् एकटी जाऊ नगंस."

भोपळेंच्या ओळीखाली मी लिहिलं:
जंपर पाचवर. आवाज बंद. मुजावर.
तारीख लिहायला जागा उरली नाही.

बाळगोंडा चष्मा कपाळावर सारून वाचतात.
"आवाज बंद म्हंजे कुणाचा, ताई?"
कुणाचाच नाही.
ह्या मशीनला स्पीकर कधी लावलाच नव्हता.

मान हलवतात,
तरी झाकण बसवल्यावर
एकदा वाकून
कॅबिनेटला कान लावून बघतात.