दुसऱ्या अंतऱ्याआधी

जांभळी नाक्याला, तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे
इस्माईलभाईंनी ती तबकडी मला
चाळीस रुपयांना दिली, वर म्हणाले,
"नाहीच वाजली, तर भिंतीला लावा."
लेबल उंदरानं कुरतडलेलं:
कु. प्रमिला टिप–
पुढचं त्याच्या पोटात.

गाणं तसं साधंच. चांदणं, ओसरी, कुणाची तरी वाट.
कवीला त्या दिवशी फार सुचलं नसावं.
पेटी जरा पुढे धावते, तबला तिला दटावतो,
आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी
ती श्वास घेते.
ऐकू येईल असा.
जिना चढून आलेल्या मुलीनं
कडी वाजवण्याआधी घ्यावा तसा.

बेलापूर रोडच्या कंपनीत मी स्टोअरला होतो.
एकतीस वर्षं नटबोल्ट मोजले.
कंपनी गेली, मोजायची सवय राहिली.
तो श्वास किती वेळा ऐकला
याची वहीत नोंद आहे. सांगणार नाही.
बायको म्हणायची, सुई झिजेल.
झिजल्या. नव्या आणल्या.

बाईमाणसाला शोधणं अवघड,
लग्नाच्या मांडवातच नाव बदलतं.
नौपाड्यात टिपणीस अकरा, चरईत सहा,
एकानं मला विमावाला समजून कुत्रं सोडलं.
शेवटी तबलजींच्या नातसुनेनं सांगितलं,
अहो, त्या आता चौबळ. खारीगावात, मुलीकडे.
चौथा मजला. लिफ्टचं काही सांगता येत नाही.

सत्त्याऐंशीच्या. कानात यंत्र.
"कुठलं गाणं?"
मी मुखडा म्हणून दाखवला, माझ्या गळ्यात, म्हणजे कसाबसा.
"कोमल गंधार आहे तिथे," त्या म्हणाल्या.
आधी सूर दुरुस्त केला,
मग पाणी दिलं.

मग मी त्या श्वासाचं बोललो.
इतकी वर्षं पुडीत बांधून ठेवलेलं
एकदम त्यांच्यासमोर सोडलं.

त्यांचा चेहरा उतरला.
"म्हणजे ऐकू येतो."
स्टुडिओ साडेबाराला बंद व्हायचा.
मी म्हटलं, एकदाच परत घ्या.
साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले,
एवढं कोण ऐकतंय?
"रेडिओवर लागलं ना, की त्या जागी
मी मोरीतला नळ सोडायची.
सासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."
थोडं थांबल्या.
"हल्ली काढता येतं म्हणे तसलं काही."

भाचा ओजस ऐरोलीला याच कामात.
पडद्यावर अख्खं गाणं आडवं पडलेलं,
आणि तो श्वास, धुतलेल्या तांदळात
सालासकट राहिलेला एक दाणा.
शून्य पूर्णांक चार सेकंद.
"मामा, काढू?"
मी चष्मा पुसला. परत पुसला.
काढ म्हटलं.

त्यांनी यंत्र काढून हेडफोन लावला.
त्या जागेपाशी बोटांनी पदर घट्ट धरला,
जागा गेली,
पदर सुटला.
"सुटले बाई एकदाची."
खरंच आनंदल्या. लेकीला हाक मारली,
खाज्याचा कानवला दिला, वर आणखी एक बांधून.
मुलीच्या आवाजात हसल्या.
मला वाटलं होतं, त्या म्हणतील
काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.
नाही म्हणाल्या.

परतताना कळव्याच्या पुलावर शेअर रिक्षा अडकली.
खाली ओहोटी, चिखलात बगळे,
मांडीवर कानवल्याची तुपकट पुडी.
मी फोन कानाला लावला.
तो तुकडा ओजसनं फेकला नव्हता,
वेगळा ठेवून दिला होता, मी न सांगता.
दाबला. संपला.
दाबला. संपला.

शेजारची बाई बराच वेळ बघत होती.
"बंद पडलाय का हो?"

मी परत दाबला.