प्रश्न क्रमांक नऊ

मूळ इंग्रजी मला दाखवलंच नाही.
नियमच तसा: एकीनं मराठीत आणायचं,
दुसरीनं मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यायचं.
मी दुसरी.
पाहुण्याला त्याच्याच घरी पोचवायचं,
पत्ता न विचारता.

नवव्या प्रश्नापाशी समिती दोन तास अडली.
'स्तन' फार पुस्तकी, डॉ. झोकरकर म्हणाल्या.
'छाती' तर पहिलवानालाही असते.
'दूध पाजतो ती जागा' असं लिहू या, कुणीतरी सुचवलं.
ज्यांनी कधी पाजलंच नाही, त्यांनी? मी विचारलं.
सगळे आपापल्या कपात बघू लागले.
शेवटी 'छाती'च राहिली, बायकांची, कंसात.
आणि 'गाठ'.
दोरीची, पदराची, जन्मोजन्मीची,
की त्या दोघांची बाजारात पडली ती?
मी काही बोलले नाही. चहा निवला होता.

मग तीस बायका, कसेरा बाजारात.
बाविसावी कमळजा तांबट, वय एकसष्ट,
दुकानाच्या ओट्यावर, मांडीवर तराजूची साखळी.
'स्वतःच्या हातानं तपासून पाहता का?'
'काय विचारून राहिल्या बाई तुम्ही!
नवी घागर आली की पाहते ना,
आतून हात फिरवते.
पोचा डोळ्याला नाही दिसत, बोटाला कळतो.
अंगावरून कोण हात फिरवून राहिलंय, या वयात?'
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
मी तिसऱ्या चौकटीत खूण केली
आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: घागर.

चौदा दिवसांनी पुन्हा तोच कागद,
तोच क्रम, शक्यतो तोच आवाज.
उत्तरं तीच आली तर प्रश्न भरवशाचे.
नऊवर मी अजून 'स्वतःच्या' म्हणतेय, तोच ती:
'हो.'
गिऱ्हाईक तांब्या उलटा करून बुड बघत होतं.
'तुम्ही गेल्या ना, त्याच रात्री. दिवा मालवून.
डावीकडे, खाली. हरभऱ्याएवढं.'
मग गिऱ्हाइकाला: 'साडेसातशे ग्राम आहे, घासाघीस नको.'

निनाद मुळ्ये आकडे बघतो.
भरवशाच्या आकड्याचं नाव कप्पा;
मला वाटलं, मराठीच शब्द,
कपाटातला, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा.
'बाविसाव्या बाईंमुळे कप्पा घसरतोय, मावशी.
उत्तर फिरवलंय त्यांनी.
वगळू या.'
मुलगा वाईट नाही. डबा रोज वाटून खातो.
मी म्हटलं, फिरवलं नाही रे, तिनं हात फिरवला.
तो हसला. त्याला वाटलं, मी कोटी केली.

तक्त्यात आता एकोणतीस बायका आहेत.

तिसावी माझ्या शेजारी, एमवायच्या बाकावर,
टोकन एकशे चार.
बोटाच्या पेरानं बाकाचं स्टील वाजवून बघते.
'पत्रा हलका लावून राहिलेत,' म्हणते.
मग जरा वेळानं,
'आत पण तेच विचारतील का?'
हो.
'मग मी काय सांगू, पहिलं का दुसरं?'

तिचा केसपेपर माझ्या मांडीवर आहे.
वरच्या ओळीत डॉक्टरांनी काहीतरी खरडलंय.
इतक्या महिन्यांत मूळ इंग्रजी
पहिल्यांदा हातात आलंय,
आणि अक्षर लागत नाही.