हातचे तीन

सराफ्यात रात्री साडेआठच्या सुमारास
रमणलाल सोनी पारड्यात पारडं ठेवतात,
गादीची खोळ झटकतात,
शटर अर्धं ओढतात, मग सगळं.
तोवर पायरीशी कैलास उभा,
डोक्यावर कढई, कढईत झारा,
झाऱ्याला गुंडाळलेलं कालचं फडकं.
कोणी शिट्टी मारत नाही, कोणी कोणाला हटवत नाही.
कुलूप वाजलं की त्याच ओट्यावर शेगडी चढते
आणि दुपारी जिथे नथी तोलल्या
तिथे गराडू तळला जातो, वर जिरावन.

नव्या पोरांना मी कोरूटीन असंच शिकवते.
ओटा एक. एका वेळी एकच जण.
वर कोणी हवालदार नाही घड्याळ धरून;
पाळी ज्याची, त्यानेच म्हणायचं: घे, आता तू.
पोरं म्हणतात, मॅडम, भूक लागली.

पण ओट्यावरून उतरणं सोपं.
अवघड ते परत येऊन तिथूनच सुरू करणं.
ते मी आप्पांचं पाहिलं.
रमणलालांची खतावणी त्यांनी एकतीस वर्षं लिहिली.
बेरीज अर्ध्यात असताना साडेआठ झाले
तर शेवटच्या आकड्याखाली बारीक टिंब,
समासात पेन्सिलीने: हातचे तीन.
वही मिटली.
मग रामबागेपर्यंत सायकल, जेवण,
आईशी भांडण, झोप, दूधवाला.
सकाळी वही उघडली की ते तीन तसेच,
ना शिळे झालेले, ना वाढलेले,
आणि आप्पा पुढचा आकडा उचलत
जणू मधे रात्र झालीच नव्हती.

मंगळवारी ताहेरचं घुबड अडकलं.
खेळ साधा: एक घुबड, एक कंदील, एक फाटक.
जो तो आपलं थोडं करतो आणि सोडतो.
ताहेरने घुबडाला चांदण्या मोजायला बसवलं
आणि मोजता मोजता थांबायचं सांगायला विसरला.
कंदील विझता विझता राहिला,
फाटक अर्धं उघडं.
पडद्यावर लाल अक्षर नाही, तक्रार नाही.
"मॅडम, तुटलं तर काहीच नाहीये."
तुटलं नाही रे. कोणी सोडलं नाही.
घुबड प्रामाणिक आहे, तोच घोटाळा.
एक ओळ घातली. फाटक कुरकुरलं.

रमणलालांकडे एकदा देवासचं लग्न आलं होतं,
दहा वाजले तरी उठेना.
बांगड्या, मग पाटल्या, मग पुन्हा बांगड्याच.
कैलास उभा, त्याच्यामागे कुल्फीवाला,
त्याच्यामागे बर्फाचं पाणी गल्लीभर.
वाईट त्यात कोणीच नव्हतं.
शेवटी आप्पांनी पेनाला टोपण लावलं,
जरा जास्तच आवाज करून.

हल्ली आप्पा वाक्याच्या मधे थांबतात.
डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, मी ते वापरत नाही.
आमच्या भाषेत सोय असते, विचारता येतं:
हा थांबलाय की संपलाय?
संपलेल्याला हाक मारली तर चूक येते,
स्वच्छ, एका ओळीत.
खुर्चीतल्या माणसाचं असं नाही.
मी चहावर बशी झाकते आणि आमटी बघायला जाते.
भाऊ फोनवरून त्यांची वाक्यं पुरी करतो.
त्याच्यावर मी ओरडते. तो म्हणतो, अगं, पण किती वेळ?

काल म्हणाले, "त्या दिवाळीत गल्ल्यात..."
आणि खिडकी.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ताहेरचा फोन येऊन गेला.
गच्चीवरचे कपडे आणले, उशांचे अभ्रे वेगळे काढले,
"...आठ आणे जास्त निघाले."

कोणाचे हो, आप्पा?

ते आठवू लागले.
दूध वर येत होतं, मी उठले.