निसणी

वैशाख. पारोळ्यात दुपारी बाराला
गल्लीत मी एकटी, आणि सावली,
तीही पायाखाली दडलेली.
टॅबमध्ये चोपन्न प्रश्न. घरामागे साठ रुपये.

सातवा प्रश्न असा:
समजा, दहा पायऱ्यांची एक निसणी आहे.
सगळ्यात वर तुम्हाला मिळू शकेल ते उत्तम जगणं,
सगळ्यात खाली वाईटात वाईट.
आज तुम्ही कितव्या पायरीवर?

प्रशिक्षणात सरांनी पडद्यावर यादी दाखवली होती.
वरच्या ओळीत ते देश
जिथे हिवाळ्यात सूर्य नुसता डोकावून जातो.
मागून कोणी म्हणालं, आमचा न्या म्हणावं, ट्रॉली भरून.
हसलो. मग समोसे आले.

सुपडाबाई पत्र्यावर बिबडे उलटत होती.
मी खालूनच ओरडून विचारलं.
"निसनी? ती नर्मदा ली गयी.
तिन्हा घर चुना लावी ऱ्हायनात."
मग तुम्ही वर कशा?
"मी चढनू, नि ती ली गयी."
उतरणार कशा?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
प्रश्न चुकीच्या घरी आल्यासारखं.
"यी ना ती."

आणि दहा कशाच्या? तिच्या निसणीला सातच.
त्यातली चौथी मोडकी,
तिथं पाय लांब टाकावा लागतो.

बाकीची उत्तरं भराभर झाली.
नळ नवव्या दिवशी.
गुडघ्याचं ऑपरेशन राहिलंय.
मुलगा सुरतेला, फोन दिवाळीला.
हे सगळं टॅबनं मुकाट्यानं घेतलं.
सातव्यावर मात्र लाल अक्षरं:
एक ते दहामधला आकडा भरा.

जळगावला माझ्या जिन्यात चार दारं आहेत.
समोरच्यांचं आडनाव मला
पार्सलवर वाचून कळलं.

सुपडाबाईनं ओला बिबडा खाली टाकला,
मी ओढणीत झेलला.
कोमट, जिऱ्याचा, कडेला जरा कच्चा.
मग तिनं पदर डोक्यावर ओढून
निंबाच्या फांदीखाली बैठक मारली.
पलीकडून हाक आली, "ई ऱ्हायनू वं!"
आली कोणीच नाही.

पाव तास गेला असेल.
पत्रा तापून कडकड वाजत होता.
सुपडाबाई ज्वारीचा कोंडा नखातून काढत होती,
नर्मदाच्या दाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.
मी चारदा पाहिलं.